बर्फात जाताय? आधी ओल सांभाळा

आमच्या हर्णैला जानेवारीत पहाटे बंदरावर या. कानाला मफलर, पायात स्लीपर अशा वेशात माणसं कुडकुडताना दिसतील, आणि पारा असतो सोळा-सतरावर. अशा गावातली एक पोरगी फिनलंडात औलूला शिकायला चाललीय. तिच्या आईने मला गाठलं, "भावजी, तुम्ही बोटीवर होतात, हिला काय न्यायचं ते सांगा." मी छत्तीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली शेवटची बारा सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, हल्लीची पोरं ज्याला बोसन म्हणतात तो. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी कपडे, कारण माझी फजिती तिथेच झाली. १९८७ चा जानेवारी, फिनलंडचं कोटका बंदर, उणे २८. तिथल्या आखाताच्या लीटरभर पाण्यात मीठ जेमतेम पाच-सहा ग्रॅम, आपल्याकडे पस्तीसच्या आसपास. म्हणून तो समुद्र लवकर गोठतो, आणि बर्फ फोडणारी बोट पुढे असल्याशिवाय बंदरात शिरता येत नाही. माझ्या अंगात सुती गंजीफ्राक, त्यावर तीन स्वेटर, वर जाड जॅकेट. दोर ओढताना घाम फुटला, गंजीफ्राक चिंब झाला. काम थांबलं आणि पाठीला कुणी ओलं फडकं लावून पंखा सोडावा तसं झालं. दात वाजायला लागले. धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या कामगाराने माझी कॉलर ओढून आत बघितलं आणि म्हणाला, "कॉटन. नो." एवढंच इंग्रजी येत असावं त्याला, पण पुरलं.

सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर भिजली तरी बरीच ऊब राखते. धनगर पावसात घोंगडी घेतो ती उगाच नाही. म्हणून अंगालगत लोकरीचं नाहीतर थर्मल, मध्ये फ्लीस किंवा विणलेला स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट. थरांमध्ये अडकलेली हवाच राखण करते, गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर घालतात तसंच. घाम यायच्या आधी एक थर काढायचा. घराबाहेर पडताना पहिली पाच मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर जास्त चढवलंय असं समज. जाड कोट मुंबईत घेऊ नको. तिकडे जुन्या वस्तूंच्या दुकानात चांगला मिळतो, आणि तो तिथल्या थंडीचाच असतो.

बूट एक नंबर मोठा घे, आत लोकरीचा एकच जाड मोजा. दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि बोटं आधी बधिर होतात. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा चार बोटं एकत्र राहतात तो पिशवीसारखा बरा. उघड्या हाताने लोखंडाला हात लावू नको. चिकटलाच तर ओढायचा नाही, कोमट पाणी ओतायचं.

चालणं मात्र तुला शिकवायला नको. श्रावणात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या उतरतेस ना, तस्संच. पाऊल सपाट, अंतर लहान, हात खिशाबाहेर, घाई नाही. पंजाब-हरयाणाकडचे धट्टेकट्टे गडी बर्फावर धडाधड पडायचे आणि आम्ही दापोली-गुहागरची पोरं उभी असायचो, एवढं मी अभिमानाने सांगेन.

आता घर. थंड देशात थंडी बाहेर असते. घरात मी बनियनवर बसलोय. भिंती जाड, खिडक्यांना दोन-तीन काचा. कोरियात जमीनच तापवतात. पूर्वी चुलीचा धूर फरशीखालून फिरवायचे, आता गरम पाण्याचे नळ असतात. चपला दाराबाहेर काढायच्या आणि जमिनीवरच पसरायचं, आपल्या माणसाला फार मानवतं. उत्तर चीनमध्ये झोपायचा विटांचा ओटा तसाच आतून तापवतात. जपानचं उलट: बरीच जुनी घरं गारच, म्हणून ते घराऐवजी माणूस तापवतात. बुटक्या टेबलाखाली हीटर, वर रजई, पाय आत. खिशात कायरो नावाची पुडी. पुडी फोडली की आतल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागते, ती गंजते आणि गंजताना तापते. आपल्या खिडक्यांचे गज खाणारा गंज तिकडे हात शेकतो! पुडी थेट कातडीला लावून झोपू नको, भाजतं.

काश्मिरी लोक फेरनच्या, म्हणजे त्यांच्या पायघोळ झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात. ते बघून कुणी बंद खोलीत शेगडी पेटवू नये. आपल्या कौलांतून धूर आणि विषारी वायू निघून जातो, तिकडच्या घट्ट खिडक्यांतून जात नाही. त्या वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

फिनलंडात साउना, म्हणजे वाफ घ्यायची तापवलेली खोली, चुकवू नको. पंचावन्न लाखांच्या देशात तीसेक लाख साउना आहेत. आधी आंघोळ, मग खालच्या फळीवर बसायचं, कारण वाफ वर चढते. ऐंशीच्या आसपास तापमान असतं. सवयीचे लोक तिथून थेट बर्फातल्या भोकात उतरतात. तू पहिल्या हिवाळ्यात फक्त बघ.

डिसेंबरअखेर औलूत दिवस साडेतीन तासांचा. दुपारी थोडा वेळ का होईना बाहेर पड, ड जीवनसत्त्वाचं तिथल्या डॉक्टरला विचार. कोटाला चमकणारी पट्टी लटकव, अंधारात गाडीवाल्याला दिसायला हवीस. तापवलेल्या घरातल्या कोरड्या हवेने ओठ आणि टाचा फुटतात. त्याला कोकमतेलाचा गोळा ने. गार हवेत दगडासारखा होतो. बोटाने घासत राहिलीस की पातळ होतो. मी प्रत्येक सफरीला एक नेत असे.

खाण्याचं म्हणशील तर कुळथाचं पीठ भरपूर ने. तूप आणि दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपात बंदी आहे, सामानात घालू नको. सुकी मासळी चालते, पण तीन काचांच्या खिडकीआड सोडे भाजलेस तर वास एप्रिलपर्यंत तिथेच. हे मी दोनदा सांगितलं. काल बघितलं तर तिच्या आईने किलोभर सोडे बांधून ठेवलेत.