परतीचा गठ्ठा

ग्रंथालय प्रमाणपत्राच्या वर्गात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१ सालचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मला तोंडपाठ होते. 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' हा दुसरा. मग नागपुरातल्या एका वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर बसले आणि पहिल्याच आठवड्यात तो सिद्धान्त माझ्या अंगावर आला.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक काकाजी म्हणाले, "ताई, चांगलं काही द्या ना वाचायला." चांगलं म्हणजे मला आवडलेलं, असा तेव्हा माझा समज. मी 'कोसला' दिली. दुसऱ्याच दिवशी, मे महिन्याच्या भर उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून काकाजी हजर. "हा पोरगा तर काही करूनच नाही राहिला!" मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्यांना काय हवं ते मी विचारलंच नव्हतं.

नव्याने या कामात येणाऱ्यांना म्हणून सांगते, "तुम्हाला कोणता प्रकार आवडतो?" असं विचारू नका. माणसं गोंधळतात, "ऐतिहासिक" म्हणून मोकळी होतात आणि मग आपण त्यांना जन्मभर ऐतिहासिकच देत राहतो. शेवटचं कोणतं पुस्तक पूर्ण वाचलं ते विचारा. मग अर्ध्यावर कोणतं सोडलं, ते. दुसऱ्या प्रश्नाला लोक लाजतात, म्हणून आधी आपण सोडलेलं एखादं सांगायचं. मी सांगते, आणि यादी बरीच लांब आहे.

काकाजींशी असं बोलता बोलता कळलं की त्यांची बरीच नोकरी गोंदियाच्या बाजूला झाली होती आणि जंगलाचा विषय निघाला की ते थांबत नसत. मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' दिलं. चितमपल्ली वनखात्यात होते, नवेगावबांधला त्यांची बरीच वर्षं गेली, हे सांगितल्यावर काकाजींनी पुस्तक उघडण्याआधीच काखेत मारलं. पंधरा दिवसांनी "यांचं अजून काय आहे?" म्हणत आले.

कपाटाचाही एक घोळ असतो. पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात मराठी कादंबरी ८९१.४६३ मध्ये आणि नाटक ८९१.४६२ मध्ये. अंतर फार तर एका कपाटाचं, पण कादंबरीचा वाचक ते ओलांडत नाही. "नाटक बघायचं असते, वाचायचं थोडीच?" घरातल्या वाटणीच्या, वाड्याच्या गोष्टी आवडीने वाचणाऱ्या एका ताईंना मी महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' काउंटरवरच काढून ठेवलं होतं. धरणगावकर देशपांड्यांचं घर, दारात बंद पडलेला ट्रॅक्टर, एवढंच सांगितलं. नाटक हा शब्द उच्चारलाच नाही. पुढचे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' त्यांनी स्वतःच शोधून काढले. 'स्मृतिचित्रे'चंही तसंच. आत्मचरित्र म्हटलं की लोकांना रडगाणं वाटतं. लक्ष्मीबाई टिळक किती हसवतात ते एखादं पान उघडून तिथल्या तिथे दाखवावं लागतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते परतीच्या गठ्ठ्याने. आमच्याकडे लोक कपाटाकडे जाण्याआधी काउंटरवर नुकती परत आलेली पुस्तकं चाळतात, कारण कुणीतरी वाचून आणलेलं म्हणजे भरवशाचं. म्हणून गठ्ठा लगेच कपाटात लावायची घाई मी करत नाही. (वरिष्ठांना हा पसारा वाटतो. वाटू द्या.) आणि लावण्याआधी पुस्तक झटकून बघा. एसटीचं तिकीट तिसाव्या पानाशी अडकलेलं असेल, तर वाचक तिथेच उतरलाय. तो "छान होतं" म्हणाला तरी त्या लेखकाचं दुसरं पुस्तक पुढे करू नका.

साठीच्या पुढच्या वाचकांसाठी अक्षराचा आकार आणि पुस्तकाचं वजन बघाच. जाडजूड कादंबरी झोपून वाचताना हात दुखतात, हे कुणी कबूल करत नाही; "जमलं नाही" एवढंच म्हणतात. अशा वेळी 'बनगरवाडी'सारखं पातळ पुस्तक कामाला येतं.

आणखी एक, जे वर्गात मला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा एका गृहस्थांनी सहज विचारलं, "आमच्या हिने काय नेलंय सध्या?" मी भोळेपणाने नाव सांगितलं. त्या बाई नंतर दोन महिने आल्या नाहीत. आल्या तेव्हा फक्त पाककृतींची पुस्तकं नेऊ लागल्या. आता असं कुणी विचारलं की मी म्हणते, "त्यांनाच विचारा ना." कार्डावरची नोंदही काउंटरवर उघडी ठेवत नाही.

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. डावीकडे काय दिलं, उजवीकडे वाचक परत येऊन काय म्हणाला; वाचकाचं नाव नाही. 'कोसला'समोर काकाजींचं ते वाक्य जसंच्या तसं लिहिलंय. त्याखाली मागच्या महिन्यात एका इंजिनीअरिंगच्या मुलाचं आलं, "ताई, हे तर माझंच आहे." ती प्रत त्याने दोनदा मुदत वाढवून ठेवलीय आणि अजून आणलेली नाही.