मोयामोया असलेल्या मुलाचा ईईजी: या चुका टाळा

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लाटांचा आलेख. तो काढायच्या खोलीत लहान मुलांसाठी बहुतेक ठिकाणी एक कागदी भिरभिरं असतं. तीन मिनिटं ते फुंकरीने फिरवत ठेवायचं, म्हणजे भरभर श्वासोच्छ्वास होतो आणि लपलेली फिट आलेखात दिसू शकते. मोयामोयाच्या मुलाला मात्र हेच भिरभिरं महागात पडतं.

या आजारात मेंदूकडे जाणाऱ्या आतल्या कॅरोटिड धमन्या कवटीच्या तळाशी हळूहळू अरुंद होत जातात. भरपाई म्हणून बारीक वाहिन्यांचं जाळं उगवतं. अँजिओग्राफीत ते धुराच्या लोटासारखं दिसतं, म्हणून १९६९ साली सुझुकी आणि ताकाकू यांनी हे जपानी नाव दिलं. मेंदूतल्या छोट्या धमन्या आधीच ताणून रुंदावलेल्या असतात, हाताशी शिल्लक काही नसते. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, धमन्या आकसतात आणि कसाबसा टिकलेला पुरवठाही तुटतो.

पहिली चूक म्हणजे न विचारता भिरभिरं हातात देणं. आईला आधी विचारा: गरम भातावर फुंकर मारताना, फुगा फुगवताना, पळाल्यावर किंवा खूप रडल्यावर एका बाजूचा हात लुळा पडतो का? बोबडी वळते आणि थोड्या वेळाने पूर्ववत होते का? उत्तर ‘हो’ असेल तर ही पायरी गाळा आणि तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांना कळवा. मोयामोयाचं निदान झालेलं असेल तर प्रश्नच नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही मुलांमध्ये अशाच अरुंद धमन्या आढळतात, तेव्हा हा आजार जास्त आढळणाऱ्या गडचिरोली-नंदुरबारकडून आलेल्या मुलाच्या फाइलमध्ये सिकलसेलचा रिपोर्ट आहे का, तेही बघा. असेल तर भिरभिरं नकोच.

‘रडू द्या, रडून रडून झोपेल’ हा सल्ला इथे चालत नाही. हुंदके देत रडणं म्हणजे पुन्हा तोच भरभर श्वास. वायरी आईच्या मांडीवर बसवूनच लावा. सलाइनची सुई टोचायची असेल तर बधिर करणारं मलम पुरेसं आधी लावा.

आता ही चूक आलेखावरची, आणि सर्रास होणारी. आजार माहीत नसल्याने भरभर श्वास घेऊन झाला, लाटा संथ झाल्या, थांबल्यावर ओसरल्या, आणि टेक्निशियनने यंत्र बंद केलं. मोयामोयाची खूण तर नेमकी पुढेच असते: थांबल्यानंतर साधारण २० ते ६० सेकंदांनी संथ, अनियमित लाटा पुन्हा उमटतात आणि काही मिनिटं टिकतात. याला ‘री-बिल्ड-अप’ म्हणतात. जोरात श्वास घेऊन झाल्यावर श्वास मंदावतो, ऑक्सिजन थोडा उतरतो, पण कार्बन डायऑक्साइड अजून पूर्वपदावर आलेला नसल्याने रक्तप्रवाहही कमीच असतो. म्हणून नंतरची किमान पाच मिनिटं नोंद चालू ठेवा. ही खूण दिसली नाही म्हणून आजार नाही, असं मात्र समजू नका. आणि दिसली तर तिला एपिलेप्सी ठरवून फक्त फिटचं औषध सुरू करू नका. एमआरआय आणि मेंदूच्या धमन्यांचा अभ्यास हवा.

मधेच हात लुळा पडला तर ताबडतोब थांबवा, मुलाला आडवं करा, शांत ठेवा, वेळ आलेखावर लिहा आणि डॉक्टरांना बोलवा. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावणं हा घातक उपाय आहे, त्याने ऑक्सिजन आणखी उतरतो.

एमआरआयमधल्या एएसएल चित्रातही फसगत होते. यात मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताला चुंबकाने खूण करून, ते पोहोचल्यावर रक्तप्रवाहाचं चित्र टिपतात. इथे रक्त वळसा घेऊन उशिरा पोहोचतं. चित्र लवकर टिपलं तर प्रवाह खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि वाटेतच अडकलेलं रक्त धमन्यांत चमकतं. ती चमक म्हणजे भरपूर पुरवठा नव्हे.

शेवटी उपाशीपोटाचा मुद्दा. गुंगी द्यायची म्हणून मुलाला रात्रीपासून पाण्याविना ठेवतात. रक्त आटलं की पुरवठा आणखी घटतो. यादीत पहिला नंबर याच मुलाचा लावा. नितळ पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञांना विचारून आईला कागदावर लिहून द्या, आणि उशीर होणार असेल तर सलाइन सुरू करायला सांगा. चालू असलेली ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.