मांडावर कॅमेरा कधी काढावा

गोव्यातल्या मराठी दैनिकात कला-संस्कृतीचे पान सांभाळताना गेली आठ वर्षे मी लेखणीबरोबर कॅमेरा आणि ध्वनिमुद्रकही बाळगते. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुले बहुधा आधी कॅमेऱ्याची किंमत विचारतात. सुरुवातीला चांगला मोबाइल, कॉलर माइक आणि तिपाई एवढ्यावर भागते; खरी अडचण येते ती काय टिपायचे नाही हे ठरवताना.

पौषात काणकोणच्या एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीवर, धालो हा बायकांचा गाण्या-नाचाचा लोकोत्सव पाहायला गेले असताना मी पहिल्याच रात्री तिपाई उभी केली आणि समोरासमोर दोन रांगांत उभ्या असलेल्या बायकांचे गाणे अडखळले. यंत्र गुंडाळून मी दोन रात्री मांडाच्या, म्हणजे धालो होतो त्या पवित्र जागेच्या, कडेला नुसती बसले. तिसऱ्या रात्री चित्रीकरणाला संमती मिळाली, मात्र शेवटच्या दिवशी अंगात येते तो भाग वगळण्याच्या अटीवर. कार्यालयाला नेमका तोच हवा होता. तो मी टिपलाच नव्हता, त्यामुळे वाद लवकर मिटला.

घुमटाचे प्रकरण याहून नाजूक आहे. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. परंतु मातीच्या या वाद्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत आणि घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात. जुने घुमट मांडीवर घेऊन बसलेल्या वादकाला कॅमेऱ्यासमोर ‘कातडे कशाचे?’ असे विचारणे म्हणजे त्याला अडचणीत ढकलणे होय. नादातला फरक मात्र तो आनंदाने वाजवून दाखवतो आणि तो शब्दांत कधीच उतरत नाही. ध्वनिमुद्रण शिकायचे ते यासाठी. (माइक घुमटाच्या उघड्या तोंडासमोर धरू नका, आवाज फाटतो.)

नोव्हेंबरमध्ये इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी हा कला महोत्सव असल्यामुळे सगळे पत्रकार पणजीत असतात. मुक्तपणे काम करणाऱ्यांची कमाईही बरीचशी याच दोन महिन्यांतली, म्हणून ते टाळू नका. पौषातल्या प्रवासाचा खर्च त्यातूनच निघतो. वाड्यावर जाण्याआधी थोडी माहितीही हवी. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, धनगरांचा त्यात समावेश झाला नाही. ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल, तर वाड्यावरचे निम्मे बोलणे कानांवरून जाते.

मुलाखती कोंकणीत होतात आणि छापल्या जातात मराठीत, त्यामुळे उद्‌गार छापण्यापूर्वी मी फोनवर वाचून दाखवते. ही सवय उशिरा लागली. माझ्या पहिल्या लेखात ‘मांड’ या शब्दाच्या जागी संपादन करणाऱ्याने ‘अंगण’ घातले. दुसऱ्या दिवशी वाड्यावरून फोन आला, की अंगणात आम्ही भात वाळत घालतो, मांडावर चपला काढून जातो.