घरच्या प्रवाळ टाकीतलं शेवाळ कसं आटोक्यात आणावं

गणपतीला आठ दिवस गावी गेलो, तेव्हा शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि माशांच्या खाण्याची डबी देऊन गेलो होतो. परत आलो तर डबी रिकामी. “अरे, काचेजवळ गेलं की सगळे धावत येतात, उपाशी ठेवायचं का?” काकूंचं काय चुकलं? अख्खी डबी मीच दिली होती. दसऱ्यापर्यंत २०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ टाकीतले दगड हिरव्या केसांनी भरून गेले. आता बाहेरगावी जाताना रोजची चिमूट कागदी पुडीत बांधतो, पुडीवर वार लिहितो आणि डबी कपाटात ठेवतो.

टाकीत पडलेलं खाणं कुठेच जात नाही. माशांनी खाल्लं तरी विष्ठेतून अमोनिया, त्याचं नायट्राइट, मग नायट्रेट. फॉस्फेट तर दगडात आणि वाळूत मुरून बसतं. शेवाळ या दोघांवर पोसतं. म्हणून बाजारातली “शेवाळ मारणारी” बाटली आणण्याआधी खालची कामं करा.

आधी मोजा, पण आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका

नायट्रेट साधारण २ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० पीपीएम या पट्ट्यात असलं की बहुतेक घरगुती टाक्या सुखात असतात. फॉस्फेटसाठी रंग जुळवायच्या किटपेक्षा हॅना कंपनीचा छोटा डिजिटल चेकर बरा. त्यातलं एक अल्ट्रा लो मॉडेल फॉस्फेट नाही, फॉस्फरस दाखवतं, तेही पीपीबीत (अब्जात इतके भाग). त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागायचं. म्हणजे २० आलं तर फॉस्फेट साधारण ०.०६ पीपीएम.

दगड शेवाळाने भरलेले असताना नायट्रेट शून्य आलं, तर खूश होऊ नका. पाण्यात उतरलेलं सगळं शेवाळाने आधीच खाल्लेलं असतं, त्यामुळे किटच्या वाट्याला काही उरत नाही.

मग हाताने उपटा

हे काम कंटाळवाणं, पण याच्याइतका गुण दुसऱ्या कशालाच नाही. उपटलेल्या प्रत्येक मुठीबरोबर नायट्रेट-फॉस्फेट टाकीबाहेर जातं. पाणी बदलायच्या दिवशी टाकीतलंच जुनं पाणी दोन बादल्यांत घ्या. सुटा होणारा दगड पहिल्या बादलीत बुडवून ठेवा, बोटांनी केसाळ शेवाळ मुळाशी धरून ओढा, उरलेलं टूथब्रशने खरवडा. मग दुसऱ्या बादलीत खळबळून दगड जागेवर ठेवा. एका वेळी दोन-तीनच दगड. सगळे एकदम काढले तर मासे बिथरतात आणि वाळूतली घाण उसळते.

दगड निघत नसेल तर पंप बंद करा, बारीक नळीच्या तोंडाला टूथब्रश दोऱ्याने बांधा आणि घासता घासता नळीने ओढून घ्या. तुकडे पाण्यात सुटले तर आठवड्याने दुसरीकडे उगवलेले सापडतात. संपमध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत, फिल्टर सॉक (पाणी गाळणारी पिशवी) असेल तर दुसऱ्या दिवशी धुवायला विसरू नका.

टर्बो गोगलगायी आखूड कापलेलं शेवाळ छान चरतात, लांब केसांना फारशा तोंड लावत नाहीत. म्हणून त्या उपटणीनंतर सोडा, आणि थोड्याच; शेवाळ संपल्यावर त्याच उपाशी मरतात.

आत येणारं थांबवा

गोठवलेलं मायसिस किंवा आर्टेमिया (माशांना घालायचे कोळंबीसारखे बारीक जीव) चहाच्या गाळणीत घेऊन आरओच्या पाण्याने धुवा, तो गढूळ रस सिंकमध्ये जाऊ द्या. दोन मिनिटांत मासे संपवतील तेवढंच खाणं टाका.

दुसरा चोर पाणी. पुष्कळजण स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी “आरओच आहे की” म्हणून ओततात. मीही ओतायचो. एकदा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, बुडवलं तर ७०. या मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते. टाकीतून उडून जातं ते नुसतं पाणी, बाकीचं मागे साठतं. रोज दोन-तीन लिटर भर घातली की महिन्याभरात किती साठेल, हिशेब करून बघा. टाकीसाठी डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) लावलेलं वेगळं आरओ घ्या. मीटर शून्यावरून हललं की रेझिन बदला.

साठलेलं बाहेर काढा, हळूहळू

पाणी बदलल्याने नायट्रेट उतरतं, पण लोकांना वाटतं तेवढं नाही. २० टक्के पाणी बदललं तर नायट्रेटही २० टक्केच उतरतं. ५० पीपीएमपासून सुरुवात केली तर पाच वेळा बदलूनही १६ च्या आसपास उरतं, आणि मधल्या काळात रोजचं नवीन बनतच असतं. प्रोटीन स्किमरचा, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा, कप दर दोन-तीन दिवसांनी पुसा. गळ्याला चिकट थर बसला की फेस वर चढत नाही. संपमध्ये जागा असेल तर कीटोमॉर्फा या धाग्यांसारख्या शेवाळाचा गुच्छ ठेवा, त्यावर रात्री दिवा लावा आणि वाढेल तसा कापून फेका. नको तिथे वाढणारं शेवाळ हवं तिथे वाढवायचं, एवढीच युक्ती. वोडका किंवा व्हिनेगर घालून जिवाणू वाढवायची पद्धतही आहे, पण पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

फॉस्फेटसाठी जीएफओ, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे तांबूस दाणे, वापरत असाल तर पाकिटावरच्या निम्म्या मात्रेपासून सुरू करा. मी घाईत पूर्ण मात्रा घातली. फॉस्फेट चार दिवसांत ०.३० वरून ०.०४ वर आलं आणि अ‍ॅक्रोपोरा हे नाजूक प्रवाळ बुंध्याकडून पांढरं पडत गेलं. वर आठवड्याने फॉस्फेट परत चढलं, कारण दगडात मुरलेलं बाहेर यायला लागलं होतं.

शून्याच्या मागे लागू नका

समुद्रातल्या प्रवाळांभोवती नायट्रेट-फॉस्फेट नगण्य असतं हे खरं, पण तिथे लाटांबरोबर प्लवकांचं खाणं अखंड येत असतं. आपल्या टाकीत दोन्ही शून्य झालं की प्रवाळांच्या पेशीतलं सूक्ष्म शैवाल उपाशी राहतं, रंग फिके पडतात आणि रिकाम्या जागेत डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव घुसतात: तपकिरी, शेंबडासारखे, टोकाला हवेचे बुडबुडे, दिवसा दाट आणि रात्री विरळ. खात्री करायची तर थोडा थर बाटलीत घेऊन जोरात हलवा, टिश्यूतून गाळा आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली ठेवा. तासाभरात परत धागे जमले तर डायनोचा संशय पक्का धरा. अशा वेळी पाणी बदलणं थांबवा, जीएफओ काढा, खाणं थोडं वाढवा. लाल-किरमिजी, चादरीसारखा सोलून निघणारा थर मात्र सायनोबॅक्टेरियाचा. तो नळीने ओढून घ्या आणि त्या कोपऱ्याकडे पंपाचं तोंड वळवा.

एक सांगायचं राहिलं. “जिवंत दगड” (जिवाणू आणि बारीक जीव वस्तीला असलेला दगड) म्हणून मालवणच्या किनाऱ्यावरून काही उचलून आणू नका. आपल्याकडचे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात.

माझ्या टाकीला तीन महिने लागले. मग एके दिवशी खरवडलेल्या दगडावर गुलाबी-जांभळे टणक ठिपके दिसले. ते कोरलाइन शैवाल, हवंहवंसं. त्याला टूथब्रश लावू नका.