पावसाळा तोंडावर आलाय, हावर्थियाच्या मुळांतले कोकोपीट आधी काढा

हवा दमट होऊ लागली की घरातले प्रत्येक हावर्थिया (जाड पानांचे छोटे सक्युलेंट, म्हणजे पाणी साठवणारे रोप) एकदा कुंडीतून बाहेर काढून बघा. ऊन, पाणी, खत यांचे नंतर पाहू. रोप नर्सरीतून आणले तसेच ठेवले असेल, किंवा अख्खे उचलून नव्या कुंडीत बसवले असेल, तर मुळांभोवती कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) घट्ट गोळा असणार. दर पावसाळ्यात लोक सडलेली रोपे दाखवायला आणतात आणि बहुतेक वेळा बुडाशी हाच गोळा निघतो. वर पांढरे खडे, बाहेर देखणी कुंडी आणि आत ओलागच्च भुसा.

यात नर्सरीवाल्याचा दोष नाही. त्याच्याकडे शेडनेट असते, वारा खेळता असतो, पाणी मोजून दिले जाते आणि वाहतुकीला हलके माध्यम लागते. घरातल्या खिडकीत यातले काहीच नसते. गोळा मात्र तोच राहतो.

हावर्थिया मूळचे दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातले. तिथे ते खडकांच्या फटीत, झुडपांच्या आडोशाला, मुरमाड जमिनीत वाढते. मुळे जाड आणि पाणी साठवणारी असतात. पानांची रंध्रे रात्री उघडतात, त्यामुळे बाष्पीभवन फार कमी. दमट हवेत तर रोप जवळजवळ पाणी ओढतच नाही. कोकोपीट मात्र वजनाच्या कित्येक पट पाणी धरून बसते. कुंडीला वाफसा येतच नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि मूळकूज सुरू होते. उन्हाळ्यात उलटा त्रास होतो: हाच गोळा एकदा कडक वाळला की पाणी आत घेत नाही, ते कडेने वाहून जाते आणि मधली मुळे कोरडीच राहतात.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळ्यात जास्त रोपे इथे जातात. मुळे कुजली की रोपाला पाणी मिळत नाही आणि पाने सुरकुततात. पाहणाऱ्याला वाटते तहान लागली, म्हणून तो आणखी पाणी घालतो. तसे करण्याआधी दोन गोष्टी बघा. पाने बारीक झाली, आत मिटली, पण हाताला टणक आहेत आणि कुंडी हलकी लागते, तर तहान आहे. खालची पाने पिवळट, पाणीदार, लिबलिबीत झाली आहेत, कुंडी जड आहे आणि बोट लावताच रोप डुगडुगते, तर कूज आहे. त्या रोपाला पाण्याचा एक थेंबही देऊ नका. त्याच दिवशी उपसा.

गोळा असा काढा. कूज नसेल तर आधी आठवडाभर पाणी तोडा; कूज असेल तर थांबू नका. कुंडी चारी बाजूंनी दाबून रोप बाहेर काढा. कोकोपीट बोटांनी आणि बांबूच्या काडीने मोकळे करा. चिकटून राहिलेले साध्या पाण्यात बुडवून धुवा. टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपाला खोडाच्या बुडाशी बारीक जाळीची किंवा कागदी पिशवी असते. ती हमखास नजरेतून सुटते. कात्रीने कापून काढा.

मग एकेक मूळ हलके ओढून बघा. निरोगी मूळ पांढरट, भरलेले असते. कुजलेल्या मुळाची साल, तारेवरचे प्लास्टिक सोलावे तशी, निसटून येते आणि आत नुसता दोरा उरतो. ते सगळे कापा. थोडी जुनी मुळे वाळलेली असणारच. हावर्थिया जुनी मुळे आपणहून टाकते, त्याची काळजी नको. कूज खोडापर्यंत गेली असेल, तर स्वच्छ पांढरा भाग दिसेपर्यंत धारदार, पुसलेल्या सुरीने चकत्या काढा. रोप सावलीत, वाऱ्याला उघडे ठेवा: मुळेच कापली असतील तर दोन-तीन दिवस, खोड कापले असेल तर आठवडाभर. मग कोरड्या मिश्रणात लावा आणि पहिले पाणी पाच-सात दिवसांनी द्या. मुळे नसलेले हावर्थिया तेवढे दिवस सहज तग धरते.

मिश्रण: दोन भाग चाळलेली भरड (विटांचे तुकडे, प्यूमिस म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, किंवा जाड रेती, दाणा 2 ते 6 मिमी), एक भाग जुने कुजलेले शेणखत किंवा पानांचे खत. भुकटी चाळून फेकाच. बारीक वाळू घालू नका, ती घट्ट बसते. तळाशी खड्यांचा थर देऊ नका. त्याने निचरा सुधारत नाही, ओल फक्त वर सरकते.

बाकीची कामे:
- कुंडी मातीची, भोकाची, मुळांपेक्षा थोडीच मोठी.
- खालच्या थाळीतले पाणी लगेच ओता.
- पाणी काडी तळापर्यंत खुपसून, ती कोरडी निघाली तरच.
- पानांच्या मध्यात पाणी साचू देऊ नका.
- उजेड भरपूर; दुपारचे थेट ऊन नको, पाने तांबडी पडतात.
- पिल्ले आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली की वेगळी करा.
- खत वाढीच्या दिवसांतच: पाण्यात विरघळणारे 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखेच), लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा. दमट दिवसांत बंद.

दुकानात ‘सक्युलेंट मिक्स’ म्हणून जी पिशवी हातात देतात ती फोडून बघा; पुष्कळदा कोकोपीटमध्ये चिमूटभर परलाइट (पांढरे, हलके दाणे) असते. म्हणजे पैसे देऊन पुन्हा तोच गोळा घरी आणायचा. टॉनिक, रूटिंग पावडर, पाणी धरणारे जेल यांतले काहीही हावर्थियाला लागत नाही. जेल तर या रोपाला घातकच.

बुरशीनाशक गोळा काढल्यानंतरच कामाचे. कूज पसरली असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के भुकटी, लिटरला 2.5 ग्रॅम, कापलेला भाग सुकल्यावर एकच आळवणी (द्रावण मुळाशी ओतणे). आधी लेबल वाचा, हातमोजे घाला, घराबाहेर करा. माझा स्वतःचा कल मात्र स्वच्छ काप आणि कोरड्या वाऱ्यावरच आहे. पंख्याच्या झोतात सुकवलेली रोपे जास्त वाचतात असे मला वाटते. कागदावरचा पुरावा माझ्याकडे नाही.

रोप उपसलेलेच आहे तर मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके आहेत का पाहा. तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. मुळे धुवा, जुनी माती घराबाहेर टाका, कुंडी गरम पाण्याने घासा. पानांच्या बेचक्यात असेल तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून टिपा, दर आठवड्याला, दिसेनासा होईपर्यंत. असे रोप महिनाभर इतर कुंड्यांपासून लांब ठेवा. नवीन आणलेले रोपही तसेच लांब ठेवा, आणि त्याचा गोळा त्याच आठवड्यात काढा, फुलदांडा आलेला असला तरी.