उपचारावरचा शोधनिबंध मी कसा वाचते

संसर्गजन्य आजारावरच्या औषधाचा निबंध हातात आला की मी सारांशावर थांबत नाही. पेन्सिल घेऊन थेट तक्ते उघडते. रुग्ण किती होते? कोणाला औषध द्यायचं हे कसं ठरलं, डॉक्टरांच्या मर्जीने की चिठ्ठ्या टाकाव्यात तसं?

सरावाला १९४८ सालचा ब्रिटनमधला स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाचा अभ्यास घ्या. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ क्षयरुग्णांपैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. हे आकडे वाचताना मला अजून भरून येतं. पण तिथे पान मिटू नका. पुढे जंतूंच्या तपासणीचा भाग आहे: बऱ्याच जणांच्या थुंकीतले जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. मला हा भाग मृत्यूंच्या तक्त्याइतकाच मोलाचा वाटतो. क्षय एकाच औषधाने आवरत नाही, ते दुसऱ्या औषधाच्या जोडीने द्यावं लागतं, हे अशाच निरीक्षणांतून उमगलं.

म्हणून रुग्णांवर किती काळ लक्ष ठेवलं, ते समासात लिहा. मध्येच सोडून गेलेलेही मोजा. पैसे कोणी दिले, हे शेवटी बारीक अक्षरात असतं; नजरेखालून घाला. आणि निबंध वाचून स्वतःच्या गोळ्या बदलू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.