केळीच्या खोलीत सफरचंद

भुसावळला माझं फळांचं दुकान. मागच्या दिवाळीआधी किन्नौरचं सफरचंद स्वस्त मिळालं म्हणून चाळीस पेट्या उचलल्या आणि केळीच्याच कोल्ड रूममध्ये रचल्या. तिथं तापमान 13-14 अंश. त्याखाली केळीची साल काळवंडते. सफरचंदाला हवं 0 ते 1. महिनाभरात फळ दाबलं की बोट रुतायचं, चावलं की पिठूळ. वर सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीनने, म्हणजे फळं पिकवणाऱ्या वायूने, कच्ची केळीही पिकायला लागली. दोन्हीकडून मार!

यंदा वेगळी खोली भाड्याने घेतली. 1 अंश तापमान, दमटपणा 90 टक्क्यांच्या वर, नाहीतर साल सुरकुतते. डागी, देठाशी फाटलेली फळं आधीच विकून टाकली. दर आठवड्याला पेट्या उघडून नासकं फळ काढतो. फेब्रुवारीत एक चिरलं, तर सुरीखाली कर्रकन आवाज आला.